ट्रॅक्टर लहान, यंत्र केवढें?

नंदुरबार जिल्ह्यांतील शहाद्याशेजारचें लोणखेडा हें गांव गोमाई-तापीच्या काळ्याभोर मुलुखांतलें. कापूस, ऊस, केळी व पपई हीं या भागाचीं नांवाजलेलीं पिकें. कपाशीची शेवटची वेंचणी आटोपली कीं शेतांत उभ्या राहतात त्या पऱ्हाट्या. चुलीपुरत्या घरीं न्याव्या व उरलेल्या बांधावर रचून पेटवाव्या, ही पूर्वापार रीत. परंतु मागें राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते व पुढील हंगामाच्या कपाशीवर उतरते. म्हणून वेंचणी संपतांच पऱ्हाट्यांचा निकाल लावणें अगत्याचें झालें आहे. जाळल्यानें अळी मरते हें खरें. पण मातीस मिळावयाचें खतही तिच्याबरोबर धुरांत जातें. यास्तव पऱ्हाट्यांचे तुकडे करून ते शेतांतच गाडावे, याकडे जाणत्या शेतकऱ्यांचा कल वाढत आहे.

या कामीं, तसेंच बांधावरचीं झुडपें व फळबागेंतील गवत कापण्यासाठीं, ट्रॅक्टरच्या मागें जोडावयाचें एक यंत्र मिळतें. लोखंडी छपराखालीं आडवीं फिरणारीं जाड पातीं, वर गिअरबॉक्स, मागें एक चाक, एवढाच त्याचा संसार. बाजारांत त्यास रोटरी स्लॅशर म्हणतात. ज्यांच्या घरीं पपईच्या ओळींतून चालावा म्हणून पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर घेतलेला आहे, त्यांच्यापुढें प्रश्न उभा राहतो तो हा, कीं या ट्रॅक्टरास केवढा स्लॅशर जोडावा?

हा प्रश्न नवा नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवास आधीं कडबा कापण्याचें यंत्र व मागून लोखंडी नांगर तयार केला, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. तो लोखंडी नांगर घेणारा शेतकरीही आपल्या दावणीला बैल किती, हें पाहूनच नांगराचा आकार ठरवीत असे. एका जोडीस न ओढणारा नांगर घरीं आणला, तर दोष नांगराचा नव्हे आणि बैलांचाही नव्हे. ट्रॅक्टर आल्यानें हा विवेक सुटण्याचें कारण नाहीं. मात्र हिशोबाचीं मापें बदललीं आहेत.

पहिलें माप शक्तीचें. ट्रॅक्टरच्या कपाळावर लिहिलेली अश्वशक्ति इंजिनाची असते. स्लॅशर फिरतो तो मागील पी. टी. ओ. या दांड्यावर, आणि तेथवर पोहोंचेपर्यंत शक्तीचा कांहीं अंश वाटेंत खर्च होतो. म्हणून विकत्यास पी. टी. ओ. ची अश्वशक्ति निराळी विचारावी. हलक्या व मध्यम कामास कापणीच्या रुंदीच्या दर फुटामागें सुमारें पांच अश्वशक्ति, हा ठोकताळा बहुतेक ठिकाणीं उपयोगी पडतो. चोवीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या पी. टी. ओ. वर वीस मिळाली, तर चार फुटी स्लॅशर त्यास शोभतो. पंधरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर बारा मिळाली, तर अडीच फुटांपुढें जाऊं नये. पऱ्हाट्या दाट व बुंध्याशीं जाड असतील, तर हा हिशोबही काटकसरीनेंच वापरावा. मोठें यंत्र जोडून ट्रॅक्टर रडवीत चालविण्यापेक्षां लहान यंत्रानें दोन फेऱ्या अधिक मारणें डिझेलास व इंजिनास दोन्हींस हिताचें.

दुसरें माप वजनाचें. हॅरी फर्ग्युसन यानें १९२६ सालीं ज्या तीन सांध्यांच्या जोडणीचें पेटंट घेतलें, तिच्याच धर्तीवर आज बहुतेक अवजारें ट्रॅक्टरच्या मागें टांगलीं जातात. माहितीपत्रकांत उचल ७५० किलो लिहिलेली असली, तरी ती सामान्यतः जोडणीच्या टोकापाशीं मोजलेली असते. स्लॅशरचा भार त्याहून बराच मागें असतो, आणि भार जितका मागें तितकी उचल कमी. शिवाय मागें जड लटकलें कीं पुढचीं चाकें हलकीं होतात व स्टिअरिंग ऐकेनासें होतें. पुढें लोखंडी वजनें लावतां येतात कीं नाहीं, हें म्हणून आधींच पाहावें.

तिसरें माप रुंदीचें. स्लॅशर ट्रॅक्टरच्या मागील चाकांच्या बाहेरच्या कडांइतका तरी रुंद असावा. नाहीं तर चाकाखालीं निजलेलें गवत व काड्या न कापतां राहतात. उलट, तो ओळींतील मोकळ्या जागेहून कमीच असला पाहिजे. हीं दोन्ही अंतरें दुकानांत जाण्यापूर्वीं टेपानें मोजून कागदावर मांडावीं. रुंदीचा हिशोब एक सांगतो आणि शक्तीचा दुसरें, असें झालें तर त्या ट्रॅक्टरास हें काम सोसणार नाहीं, असें समजून भाड्याचा मोठा ट्रॅक्टर लावणें शहाणपणाचें.

जोडणीचींही कांहीं पथ्यें आहेत. बहुतेक स्लॅशर पी. टी. ओ. च्या मिनिटास ५४० फेऱ्यांसाठीं बनविलेले असतात. ट्रॅक्टरचा वेग तोच आहे ना, हें तपासावें. जोडदांडा अवजार पूर्ण वर उचललें असतां आंत ठेंचूं नये, आणि खालीं सोडलें असतां निसटूं नये, इतक्या बेतानें कापून घ्यावा. पात्याला खुंट लागला तर धक्का गिअरबॉक्सपर्यंत जाऊं नये म्हणून आधीं तुटणारा शिअर बोल्ट किंवा घसरणारा क्लच असावा; शिअर बोल्टाच्या जागीं हाताला येईल तो पोलादी बोल्ट ठोकणें म्हणजे स्वस्त बोल्ट वांचवून महाग गिअरबॉक्स गमावणें होय. जुन्या धाटणीच्या एका क्लचच्या ट्रॅक्टरवर आणखी एक धोका संभवतो. क्लच दाबला तरी जड पात्यांचा झोंक पी. टी. ओ. मार्गें ट्रॅक्टरला पुढें ढकलीत राहतो. त्यावर एकाच दिशेनें जोर देणारा ओव्हररनिंग क्लच बसवून घेणें हाच उपाय.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चार फुटी स्लॅशरचीं पातीं मिनिटास एक हजार फेरे घेत असतील, तर त्यांच्या टोकांचा वेग तासास सव्वादोनशें किलोमीटर होतो. अशा पात्याखालीं सांपडलेला खडा गोफणीच्या गुंड्यासारखा सुटतो. म्हणून यंत्राच्या पुढच्यामागच्या सांखळ्या व पडदे काढूं नयेत, शेतांतील दगड व तारा आधीं वेंचाव्या, आणि काम चालूं असतां कोणासही जवळपास फिरकूं देऊं नये. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पोरांना बसविण्याची जी हौस गांवोगांव दिसते, ती या कामीं तरी कठोरपणें मोडली पाहिजे. पात्यांत अडकलेली काडी काढावयाची, तर इंजिन बंद करून, किल्ली खिशांत घालून व यंत्रास खालून भक्कम टेकू देऊनच.

स्लॅशरकडून अवास्तव अपेक्षाही करूं नये. तो तुकडे करतो. पऱ्हाटीचा भुगा करावयाचा तर श्रेडर लागतो. शिवाय बुडखे जमिनींत तसेच राहतात व ते पुन्हां फुटूं शकतात, यास्तव मागोमाग नांगर किंवा रोटाव्हेटर फिरलाच पाहिजे.

नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस राहणारीं व गांवची शेती भावाच्या किंवा वांटेकऱ्याच्या हातीं सोंपविलेलीं कुटुंबें आज पुष्कळ आहेत. पैसे पाठविणारा एक व ट्रॅक्टरवर बसणारा दुसरा, असें असतां मोठें यंत्र तेंच चांगलें, असा समज सहज होतो. अशा घरांनीं निदान पी. टी. ओ. ची शक्ति, अवजाराचें वजन व ओळींतील अंतर हीं तीन मापें विचारल्यावांचून पैसे पाठवूं नयेत, आणि ट्रॅक्टर चालविणाराचें मत सर्वांआधीं घ्यावें. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण खर्चाच्या प्रसंगीं मुलांना नेहमी ऐकवितों. येथें तर पाय बाहेर गेले म्हणजे पैसाच नव्हे, एखाद्याचा डोळा किंवा प्राणही जाण्याचें भय आहे.