केळीची वखार आणि बाजाराचा भरवसा

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातून केळी बाहेरगावी निघते ती हिरवीच; पिकते ती जिथे पोचते तिथल्या वखारीत. ती इथिलीनने पिकवली की कॅल्शियम कार्बाइडने, हे ना शेतकऱ्याला कळतं, ना खाणाऱ्याला. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून फळं पिकवायला त्याच्यावर बंदी आहे; इथिलीन १०० पीपीएमपर्यंत चालतं. मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतात, बंदी हवीच कशाला? वाईट माल विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा फिरकणारच नाही. भरताचं वांगं किडकं निघालं तर हे अगदी खरं आहे. पण कार्बाइडची केळी दिसायला पिवळीधमक असते, आणि अपाय झालाच तर तो कोणत्या डझनामुळे, हे कोण सांगणार? गिऱ्हाईक शिक्षा करणार ती कुणाला? अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या गाजलेल्या निबंधात विक्रेत्याला ठाऊक आणि गिऱ्हाइकाला अंधार अशा बाजाराची चिकित्सा केली, त्यात भारतातल्या खडेमिश्रित तांदळाचंही उदाहरण दिलं. खडे निदान निवडता तरी येतात.

बाजार काहीच करत नाही असं मात्र नाही. परदेशी खरेदीदार ग्लोबलगॅपसारखं प्रमाणपत्र मागतो, आणि ते मिळवणारे बागायतदार खानदेशात आहेत. इथिलीनच्या रायपनिंग चेंबरमध्ये रंग एकसारखा येतो, म्हणून व्यापारीही तिकडे वळले. पण ही सुरक्षितता जबर खरेदीदाराला मिळते. धुळ्यातल्या हातगाडीवरच्या केळीला ना नाव, ना लेबल. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते गाव सांगतं, वखार नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे शुल्क भरून ग्राहक स्वतः माल तपासून घेऊ शकतो, पण एका डझनासाठी प्रयोगशाळेची पायरी कोण चढेल?

बंदी असूनही कार्बाइड वापरलं जातंच, मग कायद्याचा उपयोग काय, हा आक्षेप मात्र झटकता येत नाही. तपासणी ढिली असते, चिरीमिरीही चालते. तरी तपासणी उठवून काय होतं, ते चीनने २००८ मध्ये पाहिलं. नामांकित म्हणून सानलू कंपनीला सरकारी तपासणीतून सूट होती; तिच्या दूध पावडरीत मेलामाइन निघालं. त्या भेसळकांडात ६ बालकं दगावली, सुमारे ३ लाख आजारी पडली. ब्रँडची अब्रू गेली खरी, पण मुलं गेल्यावर. तेव्हा कायदा पातळ करण्यापेक्षा तपासनीस हातगाडीवाल्याला सोडून वखारीच्या दारात उभा करावा, आणि वखारवाल्याचं नाव पेटीवर छापायला लावावं.