नावाची किंमत किती?

खोताच्या वाडीतली अनंताश्रम खानावळ बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी जुन्या गिरगावकरापुढे नुसतं नाव काढा, त्याला तिथलं माशाचं जेवण आठवतं. तिथल्या टेबलांची, पातेल्यांची किंमत भंगारवालाही सांगू शकला असता. पण अशा नावाजलेल्या, चालत्या खानावळीची किंमत कशी काढायची?

शेअर बाजारातल्या कंपनीचा भाव रोज छापून येतो. घरच्या धंद्याचा भाव काढावा लागतो, आणि तिथेच गंमत सुरू होते. एक काल्पनिक दुकान घेऊ. वर्षाचा नफा १२ लाख. झकास! पण नवरा-बायको दिवसभर राबतात आणि पगार घेत नाहीत. त्यांच्या जागी माणसं ठेवली तर ७ लाख जातील. उरले ५. जोखीम पाहता घेणारा वर्षाला २५ टक्के परतावा मागणार. म्हणजे धंद्याची किंमत २० लाख. आता जागा मालकीची असेल, तर तिचं बाजारभावाने होणारं भाडंही वजा करा. ते ६ लाख निघालं, तर धंदा तोट्यात! गल्ला रोज भरतोय, गिऱ्हाईक रांगेत उभं आहे, आणि हिशेब म्हणतो, शटर ओढा, जागा भाड्याने द्या. पागडीच्या दुकानात तर नफ्याचा मोठा वाटा खरं म्हणजे स्वस्त भाड्याचाच असतो. चांगलं चालणारं दुकान बंद झालं की आपण म्हणतो, मुलं बसायला तयार नाहीत. मला वाटतं, निम्मं कारण या वजाबाकीत असतं.

मग नावाचं काय? हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. उदबत्त्या बनवणारी एक भागीदारी पेढी १९६५ मध्ये विसर्जित झाली. तिच्या नावलौकिकाची, म्हणजे गुडविलची, किंमत दीड लाख रुपये धरली गेली. प्राप्तिकर खात्याने त्यावर भांडवली नफ्याचा कर मागितला. नफा म्हणजे विक्रीतून खरेदी वजा. पण नाव विकत घेतलं कधी? कुठल्या दिवशी, किती रुपयांना? १९८१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की स्वतः कमावलेल्या नावाचा खर्च ठरवताच येत नाही, म्हणून त्यावर हा कर नाही. दीड लाखाची मालमत्ता, आणि तिला जन्मतारीखच नाही!

सरकारला हे परवडणारं नव्हतं. कायदा बदलला, आणि १ एप्रिल १९८८ पासून स्वतः कमावलेल्या गुडविलची खरेदीकिंमत शून्य धरली जाऊ लागली.