जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलमधील व्हिडिओ आउटपुट बदल व दोषनिवारण

जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलमधील व्हिडिओ आउटपुट बदल म्हणजे केवळ अँटेनाच्या तारेतून चित्र देणाऱ्या कन्सोलमधून कंपोझिट, एस-व्हिडिओ किंवा आरजीबी संकेत थेट बाहेर काढण्यासाठी केलेली विद्युतीय सुधारणा होय. अशा सुधारणेनंतर चित्र न दिसणे, रंग न उमटणे, चित्र सरकत राहणे किंवा त्यावर उभ्या-आडव्या रेघा येणे हे दोष वारंवार आढळतात. यांपैकी बहुतेक दोष चित्र निर्माण करणाऱ्या मूळ चिपमध्ये नसतात, तर चिप ते दूरचित्रवाणी संच या मार्गातील एखाद्या टप्प्यावर असतात. मूळ चिपांचे उत्पादन थांबलेले असल्यामुळे चुकीच्या निदानापोटी त्यांवर केलेले सोल्डरिंग भरून न येणारे नुकसान करू शकते. म्हणून दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी निश्चित करणे आणि मगच दुरुस्तीला हात घालणे, हे या कामाचे मूलभूत तत्त्व मानले जाते.

पार्श्वभूमी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले आणि त्यासाठी पाल-बी ही प्रणाली स्वीकारली गेली. त्या काळातील अनेक संचांना अँटेनाशिवाय दुसरी जोडणी नसे. त्यामुळे कन्सोलमधील आरएफ मॉड्युलेटर हा भाग चित्र व ध्वनी एखाद्या वाहिनीच्या वारंवारतेवर चढवी आणि संच त्या वाहिनीवर लावून खेळ पाहावा लागे. अटारी २६०० (१९७७) आणि निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम (१५ जुलै १९८३) हे कन्सोल मूळ स्वरूपात केवळ असेच आउटपुट देत.

महाराष्ट्रातील घराघरांत १९९० च्या दशकात पोहोचलेले 'व्हिडिओ गेम' हे बहुतांशी फॅमिकॉमच्या प्रतिकृती होत्या. त्यांच्या ६० पिनांच्या कार्ट्रिजला सर्वत्र 'कॅसेट' म्हटले जाई. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह (१९८८) या कन्सोलच्या मागील डिन सॉकेटवर कंपोझिट व आरजीबी हे दोन्ही संकेत मुळातच उपलब्ध असतात. त्यामुळे त्यात बदल करण्याऐवजी योग्य केबल वापरणे बहुधा पुरेसे ठरते.

जपानी फॅमिकॉमचा मॉड्युलेटर जपानमधील वाहिनी १ किंवा २ वर, म्हणजे ९० ते १०२ मेगाहर्ट्झच्या दरम्यान, संकेत देतो. भारतात ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ हा पट्टा एफएम रेडिओसाठी आहे. जुन्या भारतीय संचांच्या वाहिन्या ४७ ते ६८ मेगाहर्ट्झ आणि १७४ मेगाहर्ट्झपासून पुढे असल्याने असा कन्सोल त्यांवर लावताच येत नसे. कंपोझिट आउटपुट काढण्याची गरज अनेकदा येथूनच निर्माण होते.

संकेताचा मार्ग

दोषनिवारणासाठी संकेताचा मार्ग चार टप्प्यांत विभागला जातो: उगम, प्रवर्धन, केबल व जोडणी, आणि ग्राहक म्हणजे दूरचित्रवाणी संच किंवा रूपांतरक.

फॅमिकॉममध्ये २सी०२ ही चाळीस पिनांची चित्र चिप पिन क्रमांक २१ वर कंपोझिट संकेत देते. हा संकेत अशक्त असल्याने तो थेट संचाला जोडता येत नाही. त्यासाठी ट्रान्झिस्टरचा एक टप्पा लागतो. या कामी २एसए१०१५ सारखा पीएनपी ट्रान्झिस्टर प्रचलित आहे. पुढे ७५ ओहम रोध व सुमारे २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांतून संकेत पिवळ्या पिनेकडे जातो. संचाच्या आतही ७५ ओहमचा रोध असतो. दोन्ही टोकांचे रोध मिळून संकेत निम्मा होतो आणि संचापाशी शिखर ते शिखर सुमारे १ व्होल्ट उरतो. त्यांपैकी सुमारे ०.३ व्होल्ट सिंक स्पंदाचे असतात.

स्वस्त प्रतिकृतींमध्ये संपूर्ण कन्सोल एकाच काळ्या थेंबासारख्या चिपमध्ये सामावलेला असतो आणि पिन २१ स्वतंत्रपणे मिळत नाही. अशा वेळी मॉड्युलेटरच्या डब्यात जाणाऱ्या व्हिडिओच्या तारेवरून संकेत घेतला जातो.

प्रणालीतील फरक

बदल निर्दोष असूनही चित्र बिघडलेले दिसण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे प्रणालींची विसंगती. जपानी व अमेरिकी कन्सोल एनटीएससी प्रणालीचा ३.५८ मेगाहर्ट्झ रंगवाहक वापरतात, तर पाल प्रणालीचा रंगवाहक ४.४३ मेगाहर्ट्झचा असतो. केवळ पाल प्रणाली जाणणाऱ्या संचावर जपानी फॅमिकॉमचे चित्र कृष्णधवल दिसते. आडव्या ओळींचा वेग दोन्ही प्रणालींत जवळजवळ सारखा, सेकंदाला सुमारे १५,७०० व १५,६०० ओळी, असल्याने चित्र फाटत नाही. मात्र उभी वारंवारता ६० व ५० हर्ट्झ अशी भिन्न असल्याने ते वर-खाली सरकू शकते. बहुप्रणाली संचावर तोच कन्सोल जोडताच रंग आल्यास सोल्डरिंगमध्ये दोष नाही हे सिद्ध होते.

अँटेनामार्गे चित्र स्वच्छ, पण आवाजाऐवजी खरखर, हे लक्षणही अशाच विसंगतीचे असते. पाल-बी प्रणालीत ध्वनिवाहक चित्रवाहकापासून ५.५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतो. एनटीएससीत हे अंतर ४.५, तर पाल-डी प्रणालीत ६.५ मेगाहर्ट्झ असते. अन्य देशांसाठी बनवलेला मॉड्युलेटर यामुळे भारतीय संचावर नीट बोलत नाही.

लक्षणे व संभाव्य कारणे

पडदा पूर्ण काळा: प्रथम ५ व्होल्टचा पुरवठा तपासतात. ७८०५ या नियामक आयसीच्या आउटपुटवर साधारण ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असावेत. पुरवठा योग्य असल्यास ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांचा क्रम पाहतात. निरनिराळ्या ट्रान्झिस्टरांत हा क्रम भिन्न असतो आणि आकृती न पाहता पर्यायी भाग लावल्यास संकेत पुढे जात नाही.

चित्र स्थिर, पण आकृत्या विस्कटलेल्या: पडद्यावर चौकटी स्थिर असून अक्षरे व आकृत्या चुकीच्या दिसत असतील, तर व्हिडिओचा मार्ग ठीक आहे. दोष कॅसेटच्या संपर्कात किंवा स्मृतीच्या चिपमध्ये असतो. नवशिक्यांकडून या लक्षणाचा दोष सर्रास व्हिडिओ बदलाला दिला जातो.

चित्र अतितेजस्वी व पांढरे फुटलेले: ७५ ओहमचा रोध एखाद्या टोकाला नसल्यास संकेत जवळजवळ दुप्पट होतो. उलट, एकच आउटपुट दोन संचांना समांतर जोडल्यास चित्र मंद पडते.

वरचा भाग उजळ व खालचा गडद: आउटपुटचा कपॅसिटर लहान किंवा सुकलेला असल्याचे हे लक्षण आहे. एकूण १५० ओहम रोधाबरोबर २२० मायक्रोफॅरडची छेद वारंवारता सुमारे ५ हर्ट्झ येते, पण १० मायक्रोफॅरडची सुमारे १०६ हर्ट्झ येते. ५० हर्ट्झचे चित्र तिच्या खाली पडत असल्याने त्यात उतार निर्माण होतो आणि सिंकही डळमळीत होते.

उभ्या अंधुक रेघा: गजांसारख्या दिसणाऱ्या या रेघा फॅमिकॉममध्ये सुपरिचित आहेत. चित्र चिपजवळच्या अंकीय तारांचा गोंगाट पिन २१ च्या लांब वाटेत मिसळल्याने त्या उमटतात. पिन २१ मूळ पट्टीपासून वेगळी करणे, ट्रान्झिस्टर चिपच्या अगदी जवळ बसवणे, तार आखूड ठेवणे आणि चिपच्या पुरवठा व भूमी पिनांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावणे हे त्यावरील उपाय होत. त्यांनी रेघा कमी होतात. त्या पूर्णपणे जातीलच असे नाही.

सरकणारे आडवे पट्टे: अॅडॅप्टरमधील कपॅसिटर कमकुवत झाल्यास विजेच्या ५० हर्ट्झ प्रवाहाची लहर चित्रात येते. ५० हर्ट्झ कन्सोलवर हे पट्टे अतिशय सावकाश सरकतात, तर ६० हर्ट्झ कन्सोलवर वेगाने. पट्ट्यांच्या वेगावरून दोषाचे मूळ वीजपुरवठ्यात असल्याचे ओळखता येते.

आरजीबी जोडणीत चित्र न थांबणे: सिंक पोहोचत नसल्याचे हे चिन्ह आहे. ५ व्होल्टचा अंकीय सिंक संकेत थेट संचाला देणे घातक असते. मार्गात ४७० ओहमचा रोध लावल्यास संचाच्या ७५ ओहमवर सुमारे ०.७ व्होल्ट उरतात.

नव्या संचावर चित्र न येणे: जुने कन्सोल प्रत्येक क्षेत्रात त्याच ओळी पुन्हा काढतात. अनेक आधुनिक संच हा संकेत एकाआड एक ओळींचा समजतात किंवा नाकारतात. स्वस्त एचडीएमआय रूपांतरकांमुळे लुकलुकणाऱ्या आकृत्या पूर्ण नाहीशा होणे व नियंत्रणाला विलंब लागणे हेही घडते. जुन्या नळीच्या संचावर चित्र योग्य आल्यास कन्सोल निर्दोष मानला जातो.

हवामानाचा परिणाम

पनवेल तालुक्यातील खारघर परिसरातील बेलपाडा आणि खाडीलगतच्या इतर वस्त्यांत पावसाळ्यात हवा दीर्घकाळ दमट असते. खारट दमट हवेत तांब्याच्या संपर्कांवर हिरवट थर चढतो आणि आधी धरलेले सांधे कालांतराने ड्राय सोल्डर होतात. अशा ठिकाणी जूनमध्ये चालणारा कन्सोल सप्टेंबरमध्ये अधूनमधून चित्र घालवू लागला, तर बदलाची रचना बदलण्यापूर्वी सांधे पुन्हा वितळवणे व पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे इष्ट असते. कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची जुनी सवय या बाबतीत अपायकारक आहे. फुंकरेसरशी कॅसेट चालू होते ती बहुधा ती काढून पुन्हा बसवल्यामुळे. श्वासातील ओलावा मात्र संपर्कांवर राहून गंज वाढवतो. साठवणीच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यास हे नुकसान कमी होते.

सुरक्षितता

कन्सोलच्या आत बहुधा १२ व्होल्टहून कमी दाब असल्याने तेथे माणसाला धोका अल्प, पण यंत्राला अधिक असतो. फॅमिकॉमच्या अॅडॅप्टरमध्ये मधली पिन ऋण असते. बाजारातील अनेक अॅडॅप्टरांत ती धन असते. निन्टेन्डोच्या अमेरिकी एनईएसचा अॅडॅप्टर तर ९ व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह देतो आणि तो फॅमिकॉमला किंवा प्रतिकृतीला जोडल्यास यंत्र निकामी होऊ शकते.

दूरचित्रवाणी संचाची गोष्ट वेगळी आहे. रंगीत चित्रनळीच्या अॅनोडवर २०,००० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि संच बंद केल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. काही जुन्या संचांची चासी विजेच्या मुख्य तारेशी थेट जोडलेली असते. अशा संचाला घरच्या घरी एव्ही पिन बसवल्यास कन्सोलचा कंट्रोलर हाती धरलेल्या मुलापर्यंत २३० व्होल्टचा प्रवाह पोहोचू शकतो. विलगीकरण नसलेल्या संचात एव्ही जोडणी करू नये, हा नियम म्हणून अपवादरहित समजला जातो.

पूर्ववत करता येणारे बदल

कवचाला नवीन छिद्र न पाडता मॉड्युलेटरच्या रिकाम्या जागेचा वापर करणे, काढलेला भाग पिशवीत जपून ठेवणे, तोडलेल्या पट्टीची नोंद व छायाचित्र कवचाच्या आत चिकटवणे आणि प्रत्येक बदलानंतर एकदाच चाचणी घेणे या पद्धती जतनाच्या दृष्टीने उपयुक्त ठरतात. पुढील दुरुस्ती करणाऱ्याला आधीच्या माणसाने काय केले हे कळले, तर निदान सुरुवातीपासून करावे लागत नाही आणि मूळ चिपला पुन्हा उष्णता द्यावी लागत नाही. चित्र सुधारण्यासाठी केलेला बदल कन्सोलचे आयुष्य कमी करणार नाही, याची खातरी अशा नोंदींमुळे वाढते.