लशीच्या कुपीतली चिलीची साल

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर-२१ ही हिवतापाची लस आफ्रिकेतल्या लहान मुलांना दिली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. ज्या प्रथिनावरून तिला हे नाव मिळाले, ते एका मात्रेत असते जेमतेम ५ मायक्रोग्रॅम. त्याच्या दहापट, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम, असते मॅट्रिक्स-एम नावाचे दुसरेच द्रव्य. चिलीत वाढणाऱ्या एका झाडाच्या सालीतल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यांपासून ते बनते. नाव होते प्रथिनाचे, पण वजनाने भारी असते झाड.

शुद्ध केलेले प्रथिन एकटे टोचले तर शरीर बहुधा त्याची फारशी दखल घेत नाही. जंतूसोबत धोक्याच्या ज्या खुणा येतात, त्या शुद्धीकरणात निघून गेलेल्या असतात. त्या खुणांची उणीव भरून काढायला जे मिसळतात ते सहायक द्रव्य, डॉक्टरांच्या भाषेत अ‍ॅडज्युव्हंट. याचा शोध लागला तबेल्यात. गास्ताँ रामाँ हे फ्रेंच पशुवैद्य १९२०च्या दशकात घटसर्पावरचे प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून मिळवत होते. सुईच्या जागी गळू झालेल्या घोड्यांच्या रक्तात प्रतिविष जास्त निघते, हे त्यांनी हेरले. मग सूज मुद्दाम आणण्यासाठी त्यांनी लशीत काय काय कालवून पाहिले: पावाचा चुरा, अगार, आपला उपवासाचा साबुदाणा ज्यापासून होतो ते टॅपिओका, आणि सॅपोनिनही. पुढे बाजी मारली अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांनी. स्वस्त, टिकाऊ आणि बऱ्यापैकी निरुपद्रवी असल्याने त्रिगुणी लशीत ते अजूनही आहेत. प्रतिपिंडे ते चांगली वाढवतात, पण पेशींच्या पातळीवरची लढाई त्यांना तितकीशी पेटवता येत नाही.

हिवतापाने नेमके तिथेच अडवले. अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेतल्या संशोधकांनी १९९७ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. स्वयंसेवकांना एकच प्रथिन तीन वेगवेगळ्या सहायकांसोबत टोचले आणि मग हिवतापाचे डास चावू दिले. अ‍ॅल्युमिनियमच्या गटात आठांपैकी सात जणांना हिवताप झाला. तेल-पाण्याच्या मिश्रणाच्या गटात सातांपैकी पाच जणांना. तिसऱ्या मिश्रणात जिवाणूपासून मिळवलेले एक द्रव्य आणि चिलीच्या त्याच झाडाच्या सालीतला क्यूएस-२१ हा रेणूही होता. त्या गटात सातांपैकी फक्त एक आजारी पडला. माणसे मोजकी होती हे खरे. तरी प्रथिन तेच ठेवून नुसती सोबत बदलल्याने एवढा फरक पडतो, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसले असेल.

ते झाड म्हणजे क्विलाजा सॅपोनेरिया. चिलीत त्याला 'कियाय' म्हणतात आणि तिथले लोक त्याची साल पिढ्यान्‌पिढ्या साबणासारखी वापरत आले आहेत, जशी आपल्याकडे शिकेकाई. फेस येतो सॅपोनिनामुळे. त्याच्या रेणूचा एक भाग तेलाशी जमवून घेतो, दुसरा पाण्याशी. पेशीच्या पडद्यातल्या कोलेस्टेरॉललाही तो चिकटतो आणि पडद्याला भोके पाडतो. त्यामुळे कच्चा अर्क टोचला तर तांबड्या पेशी फुटतात. जनावरांच्या लाळ-खुरकुताच्या लशीत हा अर्क गेल्या शतकाच्या मध्यापासून चालला. माणसासाठी तो चालण्यासारखा नव्हता. १९९१ मध्ये शार्लट केन्सिल आणि सहकाऱ्यांनी अर्काचे घटक वेगळे केले. त्यांतला २१ क्रमांकाचा अंश असरदार आणि तुलनेने सौम्य निघाला, आणि तो क्रमांकच त्याचे नाव होऊन बसला. त्याला कोलेस्टेरॉल असलेल्या स्निग्ध थेंबांत बसवले की भोके पाडण्याची खोड बरीचशी मोडते. अशा थेंबांतला ५० मायक्रोग्रॅम क्यूएस-२१ नागिणीवरच्या शिंग्रिक्स लशीच्या प्रत्येक मात्रेत असतो. चाचणीत पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये ही लस सुमारे ९७ टक्के प्रभावी ठरली. सत्तरीपुढेही तो आकडा नव्वदीच्या आसपास राहिला. उतारवयात बहुतेक लशींचा जोर ओसरतो, म्हणून मला हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

इथे कुणाला वाटेल, मग आपल्या वनस्पतींचे काय? २००४ मध्ये पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन यांच्या गटाने त्रिगुणी लस दिलेल्या प्राण्यांना शतावरी आणि अश्वगंधेचे अर्क पाजून पाहिले, आणि त्यांच्यात प्रतिपिंडे जास्त आढळली. काम मोलाचे होते. पण अर्क म्हणजे शेकडो द्रव्यांची सरमिसळ, आणि जमीन, हंगाम, झाडाचे वय यांनुसार ती बदलते. निरोगी बाळाला टोचायच्या कुपीत असा बदल परवडत नाही. करोनाच्या दिवसांत 'काढा घ्या, लस चांगली लागेल' असे छातीठोक सांगणाऱ्यांनी हा मधला पल्ला हिशेबातच धरला नव्हता.

रिठ्यातही सॅपोनिन असते, मग तेच का नको? क्यूएस-२१च्या मध्यभागी कार्बनच्या पाच कड्यांचा सांगाडा आहे. त्याच्या एका बाजूला तीन साखरांची फांदी, दुसऱ्या बाजूला चार साखरांची साखळी, आणि त्या साखळीला लोंबणारी एक लांब स्निग्ध शेपटी. रिठ्याच्या सांगाड्यावर एका मोक्याच्या जागी क्यूएस-२१मधल्या आल्डिहाइड गटाऐवजी साधा अल्कोहोल गट असतो आणि ती लांब शेपटीही नसते. सारी करामत त्या आल्डिहाइडचीच, असे बरीच वर्षे मानले जात होते.

हा समज मोडला रेणू हाताने घडवणाऱ्यांनी. अमेरिकेतल्या डेव्हिड गिन यांच्या गटाने २००५-०६च्या सुमारास हा रेणू प्रयोगशाळेत पूर्ण बांधला. त्याला ७६ पायऱ्या लागल्या. कारखान्यासाठी हा मार्ग निरुपयोगीच, पण आता एकेक तुकडा बदलून पाहता येऊ लागला. तीन साखरांची फांदी काढली तरी उंदरांत परिणाम टिकला. आल्डिहाइड काढले तरीही टिकला. शेपटीचा जोड मात्र पाण्यात हळूहळू तुटतो, म्हणून तिथे जास्त टिकाऊ अमाइड बंध घातला. झाडाने हा रेणू आपल्या लशीसाठी घडवलेला नसल्याने त्यात आपल्याला नको असलेले बरेच काही निघणारच. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम शाखेतले रसायनशास्त्रज्ञ आणखी व्यवहारी निघाले. आपल्या करटोलीच्या भावकीतल्या 'गॅक' या वेलाच्या बियांतून ते तयार सांगाडा साखरांसकट घेतात आणि फक्त शेपटी स्वतः जोडतात.

हा खटाटोप नुसत्या कुतूहलापोटी नाही. नागीण आणि हिवतापावरच्या या लशी, वृद्धांच्या फुप्फुसांना ग्रासणाऱ्या आरएसव्हीवरची एक लस, करोनाची नोव्हाव्हॅक्स लस: सगळ्यांची भिस्त चिलीतल्या या एकाच झाडावर. इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटरच्या अ‍ॅन ऑस्बर्न यांच्या गटाने २०२३ मध्ये कियायच्या जनुकांवरून सॅपोनिन बनण्याची वाट बरीचशी उलगडली आणि ती तंबाखूच्या एका भाऊबंद रोपात चालवून दाखवली. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात जे कीझलिंग आणि सहकाऱ्यांनी यीस्टमध्ये ३८ परकी विकरे बसवून अख्खा क्यूएस-२१ मिळवला. एका लिटरमागे सुमारे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे नागिणीच्या लशीच्या दोन मात्रा. यीस्टला वेगळा कच्चा माल देऊन त्यांनी झाडात न सापडणारे काही नवे रेणूही बनवून घेतले. मला जास्त आशा यातून वाटते.

कीझलिंग यांना हा रस्ता नवा नाही. हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनचा कच्चा माल त्यांनी पूर्वी यीस्टकडूनच करवून घेतला होता. त्यावर सनोफी कंपनीने कारखाना उभारला, पण शेतातल्या आर्टेमिसियाचा भाव इतका उतरला की यीस्टचा माल महाग पडू लागला आणि तो कारखाना विकावा लागला. क्यूएस-२१चे गणित मात्र त्याहून वेगळे आहे. मागणी वाढली की आर्टेमिसिया पुढच्या हंगामात जास्त पेरता येते. साल काढण्याजोगे कियाय तयार व्हायला वर्षानुवर्षे जातात.