ऑटोमॅटिक गाडीची ओळख : डळमळत्या आयडलचे निदान

ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचवते. त्याच रचनेमुळे जुन्या ऑटोमॅटिक गाडीत एक तक्रार ठळकपणे जाणवते, ती म्हणजे सिग्नलवर गाडी उभी असताना इंजिनाचा वेग आपोआप वर-खाली होणे, इंजिन थरथरणे किंवा बंद पडणे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिन ज्या किमान वेगाने स्वतःला फिरते ठेवते, त्याला आयडल म्हणतात. गॅरेजमध्ये यालाच ‘स्लो’ म्हटले जाते. येथे विचार केला आहे तो साधारणपणे १९९० ते २००५ या काळातील, पेट्रोल इंजेक्शन असलेल्या आणि ॲक्सिलरेटर केबलने थ्रॉटलला जोडलेल्या गाड्यांचा. अशा गाडीचे तापलेले इंजिन न्यूट्रलमध्ये मिनिटाला सुमारे ७०० ते ८५० फेरे घेते आणि लिव्हर ‘डी’वर टाकल्यावर हा वेग थोडा उतरून पुन्हा स्थिर होतो. हे थोडे उतरणे दोष नव्हे. न सावरणे हा दोष होय.

आयडल ही इंजिनासाठी वाटते तितकी विश्रांतीची अवस्था नाही. थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-अधिक करणाऱ्या झडपेची, पाकळी जवळजवळ बंद असते, पिस्टन हवा ओढत राहतात, आणि त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यांमधला, दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे एक-तृतीयांशावर येतो. या अवस्थेत इंजिनाला लागणारी एकूण हवा इतकी थोडी असते की पेन्सिलीच्या जाडीच्या रबरी नळीला पडलेली चीरही हिशेब बिघडवू शकते. तीच चीर महामार्गावर ८० च्या वेगात जाणवतही नाही. म्हणून डळमळत्या आयडलचे निदान हा मुख्यतः हवेचा शोध आहे, आणि सुटे भाग बदलण्याआधी हा शोध पूर्ण झाला पाहिजे.

पहिला प्रश्न असा विचारावा की इंजिनाचा वेग खरोखर बदलतो की केवळ गाडी थरथरते. टॅकोमीटरचा काटा स्थिर असताना ‘डी’मध्ये स्टिअरिंग व आसन थरथरत असेल आणि न्यूट्रलमध्ये ती थरथर नाहीशी होत असेल, तर संशय इंजिनावर नव्हे, तर इंजिन माउंटिंगवर, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसवलेले असते त्यांच्यावर घ्यावा. ‘डी’मध्ये ब्रेक दाबून उभ्या असलेल्या गाडीत इंजिन कन्व्हर्टरमार्फत सतत जोर लावत असते, आणि रबर फाटलेले वा बसलेले असेल तर तो जोर थेट बॉडीत उतरतो. अशा गाड्यांचे इंजेक्टर आणि प्लग विनाकारण बदलले जातात, हे खेदाने नमूद केले पाहिजे.

काटाच हलत असेल, तर तो कसा हलतो हे पाहावे. न्यूट्रलमध्ये वेग १,००० वरून १,८०० पर्यंत चढणे, झपकन खाली येणे आणि पुन्हा चढणे, असा ठरावीक लयीतला झोका दिसत असेल, तर त्यामागे बहुधा जास्तीची हवा असते. अनेक जपानी बनावटीच्या छोट्या गाड्यांत हवा थेट मोजली जात नाही, तर मॅनिफोल्डमधल्या दाबावरून तिचा अंदाज केला जातो. कोठून तरी जादा हवा शिरली की दाब वाढतो, इंजिनाचा संगणक त्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो आणि वेग चढतो. मात्र पाय ॲक्सिलरेटरवर नसताना वेग ठरावीक मर्यादेबाहेर गेला की गाडी उतारावर आहे असे समजून तोच संगणक पेट्रोल तोडतो, वेग कोसळतो, पेट्रोल पुन्हा सुरू होते, आणि चक्र चालू राहते. ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर वाटेतच बसवलेला असतो, तेथे त्याच्या पुढून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. मिश्रण पातळ होते आणि आयडल वाढण्याऐवजी अडखळते. एकाच चिरेची दोन गाड्यांत दोन उलट लक्षणे दिसतात ती यामुळे.

ही हवा शोधण्याची साधी रीत अशी की इंजिन चालू ठेवून ब्रेक बूस्टर, पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधले वायू इनटेककडे नेणारा) आणि पेट्रोलची वाफ शोषणारा व्हॉल्व्ह यांच्याकडे जाणाऱ्या नळ्या एकेक करून चिमटून पाहाव्यात. जी चिमटल्यावर आयडल सुधारते, त्या नळीच्या वाटेवर दोष असतो. तापलेल्या मॅनिफोल्डवर ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत रूढ असली तरी ती आगीला निमंत्रण देणारी आहे. साबणाचे पाणी किंवा धुराची चाचणी वापरावी. व्हॅक्यूम मापक लावल्यास समुद्रसपाटीवर तो पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतो, परंतु उंचीनुसार दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करावा लागतो. मुंबईत १९ दाखवणारे निरोगी इंजिन महाबळेश्वरला १५ च्या आसपास दाखवील आणि तो दोष नसेल.

याच टप्प्यावर कूलंट तपासणे अगत्याचे आहे. त्या काळच्या पुष्कळ इंजिनांत थंड असताना वेग वाढवणारा एक मेणाचा व्हॉल्व्ह थ्रॉटल बॉडीत असतो आणि तो कूलंटच्या उष्णतेने बंद होतो. कूलंट कमी असेल किंवा त्यात हवेचा फुगा अडकला असेल, तर गरम कूलंट त्या व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही, तो उघडाच राहतो आणि वर सांगितलेला झोका सुरू होतो. रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे. कूलंटचे तापमान सांगणारा सेन्सर बिघडला, तरी संगणक इंजिनाला थंड समजून पेट्रोल व वेग दोन्ही वाढवत राहतो.

न्यूट्रलमध्ये आयडल शांत आणि ‘डी’मध्येच बिघडत असेल, तर चौकशीची दिशा बदलते. ही तपासणी हँडब्रेक लावून, चाकांना अडण्या देऊन आणि गाडीसमोर कोणीही उभे नसताना करावी. ‘डी’ पडताच कन्व्हर्टरचा भार येतो आणि आयडल व्हॉल्व्ह, म्हणजे थ्रॉटलला वळसा घालून जाणारी हवा कमी-अधिक करणारी झडप, थोडी उघडून तो भार सावरते. तिच्यात कार्बन साचला असेल तर प्रतिसाद उशिरा मिळतो, म्हणून नवी विकत घेण्याआधी ती काढून साफ करावी. लिव्हरच्या जागेची खबर देणारा स्विच खराब असेल, तर भार आल्याचे संगणकाला कळतच नाही. भाराखाली सिलिंडरमधला दाब वाढल्याने ठिणगीला अधिक व्होल्टेज लागते, त्यामुळे झिजलेले प्लग व जुन्या हाय-टेन्शन वायरी न्यूट्रलमध्ये निभावून नेतात आणि ‘डी’मध्ये मिसिंग करतात.

गिअरबॉक्सचे स्वतःचे दोष दोन. गाडी थांबता थांबता इंजिन धक्का खाऊन बंद पडत असेल, तर कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, सुटत नसावा. मॅन्युअल गाडी क्लच न दाबता थांबवल्यास जे होते, तेच येथे होते. दुसरा दोष ज्यांच्या गिअरबॉक्सला मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूमची नळी जाते अशा जुन्या गाड्यांचा आहे, उदाहरणार्थ १९८० च्या दशकातील अनेक मर्सिडीज आणि त्याआधीच्या पुष्कळ अमेरिकन गाड्या. त्या नळीच्या टोकाच्या मॉड्युलेटरमधला पडदा फाटला की इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढून जाळू लागते. आयडल बिघडते, सायलेन्सरमधून पांढुरका धूर येतो आणि गळतीचा डाग कोठेही नसताना गिअरबॉक्सचे तेल कमी होत जाते. नळी उपसून आत तेलाचा ओलावा दिसला की निदान झाले. हा भाग स्वस्त आहे, पण दुर्लक्ष केल्यास तेलाअभावी गिअरबॉक्सच जळतो.

स्कॅनरवर फार विसंबू नये. भारतात गाडीतील स्वयंनिदानाची सक्ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे या वयाच्या अनेक गाड्यांत आजच्या स्कॅनरला जुळणारे सॉकेटच नसते. शिवाय चिरलेल्या नळीला स्वतःचा कोड नसतो. तिच्यामुळे गोंधळलेल्या ऑक्सिजन सेन्सरचा कोड येतो, आणि निर्दोष सेन्सर बदलला जातो.

गाडीमालकांनी एका गोष्टीसाठी मात्र ठाम राहावे. थ्रॉटलची पाकळी कोठे टेकते हे ठरवणारा छोटा स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो, आणि तो फिरवून ‘स्लो वाढवून’ दिल्यास गाडी त्या दिवशी बंद पडत नाही. पण मूळ गळती तशीच राहते, बंद थ्रॉटलची खूण चुकल्यामुळे संगणक आयडलवर नियंत्रण ठेवू शकत नाही, आणि ‘डी’ टाकताना गिअरबॉक्सला दरवेळी धक्का बसतो. त्या स्क्रूला कोणालाही हात लावू देऊ नये.