बॉडी नवी की लेन्स नवी?

घरात लग्नकार्य ठरले किंवा दिवाळीचा पाडवा जवळ आला की अनेक व्यापारी कुटुंबांत एक जुना विषय नव्याने निघतो. दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला डीएसएलआर कॅमेरा कपाटातून बाहेर काढला जातो. दिवाणखान्यात आजीचे, नातवंडांचे दोन-चार फोटो घेतले जातात आणि ते हललेले, काळवंडलेले किंवा दाणेदार निघतात. त्याच खोलीत मुलाच्या मोबाइलवर घेतलेला फोटो अधिक उजळ दिसतो. मग कॅमेरा जुना झाला, असा निष्कर्ष एकमताने निघतो आणि दीड-दोन लाखांच्या नव्या कॅमेऱ्याची चौकशी सुरू होते. दुकानातील मालाच्या खरेदीत रुपयाचाही हिशोब पाहणारे गृहस्थ या एका खरेदीत मात्र जाहिरातीतील मेगापिक्सेलच्या आकड्यावर विसंबतात.

लग्नाचे फोटो काढायला छायाचित्रकार ठरवलेला असतो. त्याची चिंता नाही. पण घरातील संध्याकाळची आरती, सांजी, मेंदीच्या रात्री एकत्र बसलेल्या चार पिढ्या यांचे फोटो घरच्याच माणसाने काढायचे असतात, आणि ते पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून दोष नेमका कशात आहे, हे पैसे मोजण्यापूर्वी तपासणे अगत्याचे ठरते.

उदाहरणासाठी कॅननचा ईओएस ७००डी घेऊ. हे मॉडेल २०१३ साली बाजारात आले आणि आजही पुष्कळ घरांत आहे. सेन्सर १८ मेगापिक्सेलचा आणि सोबत मिळालेली लेन्स १८-५५ मिमी, एफ/३.५-५.६. यातील शेवटचा आकडा दुर्लक्षित राहतो. पण घरातील फोटो बिघडण्याचे कारण बहुधा तोच असतो. एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचे माप. आकडा लहान तितके छिद्र मोठे, आणि येणारा प्रकाश त्या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. चेहऱ्याचा जवळून फोटो घेण्यासाठी ही लेन्स ५५ मिमीपर्यंत लांबवली की छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठे उघडतच नाही. याउलट ५० मिमी एफ/१.८ ही साधी, झूम नसलेली लेन्स साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. ज्या फोटोसाठी आयएसओ ६४०० लागत होता, तो जवळजवळ ६४० वर निघतो. दाणे जातात, हात हलल्याची खूण जाते, त्वचेचा रंग परत येतो. कॅननची ही लेन्स सुधारलेल्या स्वरूपात २०१५ साली आली आणि नव्या लेन्समध्ये ती सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक आहे.

आता दुसरा पर्याय त्याच तराजूत घालून पाहावा. फुल-फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिमीचा मोठा सेन्सर. ७००डी मधील सेन्सर २२.३ बाय १४.९ मिमीचा. क्षेत्रफळाचा भागाकार केला तर मोठ्या सेन्सरला सुमारे २.६ पट प्रकाश मिळतो. हा लाभ खरा आहे. परंतु अंदाजपत्रक बॉडीतच संपल्यामुळे तिच्यासोबत पुष्कळदा स्वस्तातली झूम लेन्स घेतली जाते. कॅननची आरएफ २४-१०५ मिमी एफ/४-७.१ ही अशीच एक. लांबच्या टोकाला तिचा आकडा ७.१, म्हणजे ५.६ च्या तुलनेत प्रकाश सुमारे १.६ पटीने कमी. २.६ पटींच्या लाभातून तेवढे वजा जाता शिल्लक सुमारे १.६ पट उरते. एकीकडे मोठी रक्कम आणि १.६ पट, दुसरीकडे तिचा अल्प अंश आणि साडेनऊ पट. पेढीवर बसणाऱ्या कोणालाही हा हिशोब समजावून सांगावा लागणार नाही.

मोबाइलचा फोटो उजळ का दिसतो, याचेही उत्तर येथेच सापडते. मोबाइलची लेन्स लहान असली तरी तिचे छिद्र पुष्कळदा एफ/१.८ च्या आसपास असते. शिवाय तो एका क्षणात अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक चित्र करतो. त्याच्यापुढे जुना कॅमेरा हरतो तो अरुंद छिद्रामुळे. सेन्सर आजही मोबाइलच्या सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा आहे.

५० मिमी हेच सर्व घरांचे उत्तर, असे मात्र समजू नये. लहान सेन्सरवर तिचे दृश्य अरुंद पडते. चार मीटर अंतरावरून ती जेमतेम पावणेदोन मीटर रुंदी टिपते, म्हणजे खांद्याला खांदा लावून तीन माणसे. मुंबईच्या सदनिकेतील खोलीत मागे सरकायला जागा नसते. भिंतीला पाठ टेकली तरी आत्याबाई चौकटीबाहेर राहतात. तेथे २४ मिमी एफ/२.८ ची चपटी लेन्स उपयोगी पडते. तितक्याच अंतरावरून ती सुमारे ३.७ मीटर रुंदी घेते. छिद्र थोडे लहान, पण सर्व माणसे आत येतात. जुन्या वाड्यांत, मोठ्या चौकांत किंवा मंगल कार्यालयात ५० मिमी सरस ठरते.

एफ/१.८ ची एक मर्यादाही आहे. दोन मीटरवरील चेहरा ५० मिमी लेन्सने पूर्ण उघड्या छिद्रावर टिपला, तर स्पष्टतेची खोली सुमारे ११ सेंमीच राहते. एका माणसाला ती पुरते, मागेपुढे बसलेल्या दोन ओळींना पुरत नाही. कुटुंबाच्या समूहचित्रासाठी छिद्र एफ/५.६ पर्यंत बंद करावे लागते, आणि मग प्रकाश बाहेरून आणावा लागतो. मान वळवता येणारा सुटा फ्लॅश पांढऱ्या छताकडे करून उडवला की खोलीभर मऊ उजेड पसरतो. नव्या बॉडीपेक्षा हा खर्च पुष्कळ कमी. देवालयांत व प्रवचनस्थळी फ्लॅश वर्ज्य असतो, तेथे अर्थातच मोठ्या छिद्राची लेन्सच कामाची. आणि मुळात छायाचित्रणाची अनुमती आहे का, हे आधी विचारणे योग्य. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांना एक सोय आपोआप लाभते. पंगतीचे फोटो खिडकीच्या उजेडात, कुठल्याही लेन्सने, उत्तम येतात.

व्यापारी घरात कॅमेऱ्याचे दुसरे काम मालाच्या फोटोंचे. येथे तर नव्या बॉडीची निकड आणखी कमी. साडी, दागिना, भांडे यांपैकी काहीच हलत नाही. कॅमेरा तिपाईवर बसवून आयएसओ १०० ठेवला आणि शटर एक सेकंद उघडे राहिले, तरी काही बिघडत नाही. १८ मेगापिक्सेलचे चित्र ५१८४ बाय ३४५६ बिंदूंचे असते. छपाईच्या ३०० डीपीआय या नेहमीच्या मापाने ते सुमारे १७ बाय साडेअकरा इंचांचे होते. ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेले चित्र तर त्याहून पुष्कळ लहान होऊन पोहोचते. दागिन्यांच्या नक्षीकामासाठी मॅक्रो लेन्स हवी, ही गोष्ट खरी. परंतु आरंभी एक्स्टेन्शन ट्यूब घेऊन पाहावी. बॉडी व लेन्स यांच्या मध्ये बसणारी ही पोकळ नळी. तिच्यात काच नसते, म्हणून ती स्वस्त असते. तिच्यामुळे जुनी लेन्स वस्तूच्या अधिक जवळ जाऊ शकते. रोज पन्नास नगांचे फोटो काढायचे असतील, तेव्हा ६० किंवा १०० मिमीच्या मॅक्रो लेन्सचा खर्च वसूल होतो. छिद्र एफ/८ ते एफ/११ ठेवावे. त्यापुढे बंद करत गेल्यास चित्र उलट मऊ पडू लागते.

मग बॉडी बदलावी तरी केव्हा? धावणाऱ्या मुलांच्या डोळ्यांवर स्वतःहून फोकस धरून ठेवणारी यंत्रणा हवी असेल, ४के चलचित्रण नियमित करायचे असेल, किंवा प्रवचनात शटरचा खटका ऐकू येऊ नये असे वाटत असेल, तर नव्या मिररलेस बॉडीला पर्याय नाही. या गोष्टी कोणतीही लेन्स देऊ शकत नाही. निःशब्द शटर वापरताना एक सावधगिरी हवी. स्वस्त एलईडी दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटतात. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवल्यास ते बहुतांशी टळतात.

बॉडी बदलताना खरी परीक्षा माउंटची, म्हणजे लेन्स ज्या कड्याने बसते त्या कड्याची असते. जुन्या लेन्स पुढे चालणार की नाहीत, हे तेथे ठरते. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट आणला आणि २०१८ साली मिररलेससाठी आरएफ. जुन्या ईएफ व ईएफ-एस लेन्स कंपनीच्या अ‍ॅडॅप्टरने नव्या बॉडीवर फोकससह चालतात. पण ईएफ-एस लेन्स फुल-फ्रेम बॉडीवर लावली की कॅमेरा सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतो. २० मेगापिक्सेलच्या बॉडीतून जेमतेम ८ मेगापिक्सेल हाती लागतात. २०१२ साली आलेल्या ईएफ-एम माउंटची गत याहून वाईट झाली. २०२२ मध्ये कॅननने आर७ आणि आर१० ही लहान सेन्सरची मॉडेले आरएफ माउंटमध्ये आणली, आणि ईएफ-एमची वाट तेथेच संपली. त्या लेन्स सेन्सरपासून १८ मिमीवर बसण्यासाठी घडवलेल्या, आरएफमध्ये हे अंतर २० मिमी. अ‍ॅडॅप्टर अंतर वाढवू शकतो, घटवू शकत नाही. त्यामुळे जुन्या बाजारात एम मालिकेचा कॅमेरा स्वस्त दिसला, तरी त्या लेन्स पुढे कोठे लावणार, हा प्रश्न विचारूनच सौदा करावा.

निकॉनच्या घरांत वेगळा पेच आहे. तेथील एफ माउंट १९५९ पासून चालत आला असल्याने आजोबांच्या काळची लेन्सही नव्या डीएसएलआरवर बहुधा बसते. पण जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्सना फोकस करण्यासाठी बॉडीतील मोटर लागते, आणि डी३००० व डी५००० मालिकांत ती नाही. मिररलेस झेड मालिकेसाठीच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्येही ती नाही. लेन्स बसेल, फोटो येईल, फोकस मात्र हाताने करावा लागेल.

खरेदीपूर्वी एक विनाखर्च तपासणी अवश्य करावी. संगणकात साठवलेल्या प्रत्येक फोटोबरोबर फोकल लेंथ, छिद्र आणि आयएसओ यांची नोंद असते. गेल्या दोन वर्षांतील फोटो या नोंदींनुसार लावून पाहिले की घरची सवय स्पष्ट होते. बहुतेक फोटो १८ ते २४ मिमीवर असतील, तर ३०० मिमीची दुर्बिणीसारखी लेन्स वर्षातून एकदा वन्यप्राणी पाहायला जाताना भाड्याने घेतलेली बरी.

जुनी लेन्स घेणे हा काटकसरीचा प्रतिष्ठित मार्ग आहे, कारण जपून वापरलेली लेन्स बॉडीपेक्षा आपली किंमत कितीतरी चांगली टिकवते. बॉडीचे नवे मॉडेल येताच जुनीचा भाव पडतो. चांगली लेन्स पंधरा-वीस वर्षे सेवा देते आणि एका बॉडीवरून दुसऱ्या बॉडीवर जाते. खरेदी करताना लेन्सच्या मागून मोबाइलची टॉर्च धरून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही कमी असली तरी परत द्यावी. छिद्राच्या पात्यांवर तेलाचा ओघळ नसावा, फोकस न अडखळता चालावा. जुनी बॉडी घ्यायचीच असेल तर शटर किती वेळा उघडले, हा आकडा विचारावा. ७००डी सारख्या बॉडीचे शटर सुमारे एक लाख वेळा चालेल, असे धरलेले असते.

नव्या खरेदीत पक्के बिल सोडू नये. बिलाविना मिळणारा परदेशी माल चार पैशांनी स्वस्त दिसतो, पण त्याला भारतातील हमी नसते. डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला. कॅमेरा खरोखर मालाच्या फोटोंसाठी, म्हणजे व्यवसायासाठी घेतला असेल आणि बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक असेल, तर हा कर इनपुट क्रेडिट म्हणून मिळू शकतो. घरगुती वापरासाठी तो मिळत नाही. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यालाही नाही. क्रेडिट घेतलेल्या कराच्या रकमेवर पुन्हा घसारा धरता येत नाही, हे हिशोबनिसाच्या ध्यानात आणून द्यावे.

राहता राहिली निगा. मुंबई, कोकण, कोल्हापूर या भागांत पावसाळ्याचे चार महिने लेन्सचे वैरी असतात. चामड्याची पेटी ओल धरून ठेवते आणि बुरशीला पोसते. या मासिकाच्या बहुतेक वाचकांच्या घरी ती येतच नाही, पण कापडी पिशवीही बंद करून कपाटात ठेवून दिली की तोच परिणाम होतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स ठेवाव्यात. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहावी. स्वस्तातला आर्द्रतामापक डब्यात ठेवला की ती कळते. पुड्यांतील निळे दाणे गुलाबी झाले की ते मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात, मात्र त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे घेऊ नये. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा डब्याबाहेर काढून दोन फोटो घ्यावेत.