सेटिंग्ज ठेवायच्या कुठे? वाचायच्या कोणी?

१ जून २०१५ रोजी सेवा कराचा दर १२.३६ टक्क्यांवरून १४ टक्के झाला. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला स्वच्छ भारत उपकरामुळे तो साडेचौदा टक्के झाला. १ जून २०१६ रोजी कृषी कल्याण उपकराची भर पडून तो १५ वर गेला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू होताच बहुतेक सेवांसाठी १८ टक्क्यांचा नवा दर आला. अवघ्या पंचवीस महिन्यांत चार बदल! टेलिफोन, विमा, हॉटेल यांची बिले तयार करणाऱ्या प्रत्येक संगणक प्रणालीला हे बदल त्या त्या दिवसापासून अमलात आणणे भाग होते.

ज्या प्रणालींमध्ये कराचा दर मूळ आज्ञावलीतच लिहिलेला होता, तेथे प्रत्येक वेळी प्रोग्रॅमरला बोलावणे, दुरुस्ती करणे, चाचणी घेणे आणि नवी आवृत्ती प्रत्येक संगणकावर बसवणे असा सारा खटाटोप आला. जेथे दर आज्ञावलीबाहेर, एखाद्या फाइलमध्ये किंवा तक्त्यात ठेवलेला होता, तेथे एक आकडा आणि तो लागू होण्याची तारीख भरली की काम भागले. तारीख महत्त्वाची, कारण मागील महिन्याच्या बिलाची प्रत काढायची तर जुनाच दर लागतो. आज्ञावलीला हात न लावता तिचे वर्तन बदलण्यासाठी बाहेर ठेवलेल्या अशा नोंदींना 'कॉन्फिगरेशन' किंवा सोप्या शब्दांत 'सेटिंग्ज' म्हणतात.

एखाद्या स्वतंत्र प्रोग्रॅमपुरता विचार केला तर हा विषय येथेच संपतो. परंतु आजचा कोणताही प्रोग्रॅम एकट्याने लिहिलेला नसतो. कर मोजणे, ई-मेल पाठवणे, घडामोडींची नोंदवही ठेवणे अशी कामे करणारे तयार भाग बाजारात आणि इंटरनेटवर मिळतात. त्यांना 'लायब्ररी' म्हणतात. एकच लायब्ररी बँकेच्या प्रणालीतही असते आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या बिलिंग प्रोग्रॅममध्येही. आपण कोणाच्या घरी जाणार आहोत, हे ती लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. मग तिच्या सेटिंग्ज कोणी आणि कुठे ठेवायच्या?

लग्नघरी आलेल्या आचाऱ्याचे उदाहरण घेऊ. स्वयंपाक त्याला उत्तम येतो. परंतु तिखट किती, पंगती किती, कांदा-लसूण चालतो की नाही, हे तो यजमानांना विचारतो. यजमानांना न विचारता तो स्वतःच घरातील कपाटे उघडू लागला तर ते कोणालाही रुचणार नाही. लायब्ररीचेही तसेच आहे. तिला काय हवे ते तिने स्पष्ट सांगावे; ते शोधून आणून देणे हे यजमान प्रोग्रॅमचे काम.

हा शहाणपण यायला मात्र बराच काळ जावा लागला. विंडोज ३.१ च्या काळात, म्हणजे १९९२ च्या सुमारास, सेटिंग्ज 'आयएनआय' नावाच्या साध्या मजकुराच्या फायलींत असत. अनेक प्रोग्रॅम आपल्या नोंदी विंडोजच्याच सामाईक फाइलमध्ये घुसवत आणि ती फुगत जाई. विंडोज ९५ पासून 'रजिस्ट्री' या मध्यवर्ती कोठारावर भर आला. त्यामुळे सुसूत्रता आली. परंतु एखादा प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर हलवायचा तर केवळ फायली उचलून नेणे पुरेसे होईना. युनिक्सच्या जगात संपूर्ण यंत्राच्या सेटिंग्ज 'ईटीसी' या डिरेक्टरीत आणि वापरकर्त्याच्या खासगी सेटिंग्ज त्याच्या घरच्या डिरेक्टरीत, असा संकेत पूर्वापार आहे.

२००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉट नेट आणले, तेव्हा प्रत्येक प्रोग्रॅमशेजारी त्याच्याच नावाची 'कॉन्फिग' फाइल ठेवण्याची पद्धत रुळली. येथे अनेकांची फसगत झाली. लायब्ररी तयार करतानाही विकसन साधन तिच्यासाठी अशीच एक फाइल निर्माण करून देई. साहजिकच ही फाइल लायब्ररीसोबत पाठवली की काम झाले, असा समज होई. प्रत्यक्षात प्रोग्रॅम चालू असताना वाचली जाते ती यजमानाची फाइल. लायब्ररीशेजारची फाइल आपणहून कोणी उघडतच नाही. त्यातून साधनाने तयार केलेल्या सेटिंग्जची मूळ मूल्ये लायब्ररीच्या पोटातही कोरलेली असत. परिणामी फाइलमधला आकडा बदलूनही जुनेच मूल्य वापरले जाई आणि चुकीचा कोणताही संदेश येत नसे. २०१६ मध्ये आलेल्या डॉट नेट कोअरमध्ये यजमानाने सेटिंग्ज वाचाव्यात आणि लायब्ररीला तयार स्वरूपात सुपूर्द कराव्यात, ही पद्धत रूढ झाली.

आज सर्वसाधारणपणे सेटिंग्जचे थर केले जातात. सर्वांत खाली लायब्ररीची स्वतःची मूळ मूल्ये, त्यावर यजमानाची फाइल, त्यावर त्या यंत्राच्या परिसरातील मूल्ये, म्हणजे 'एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स', आणि सर्वांत वर प्रोग्रॅम सुरू करताना दिलेली सूचना. वरचा थर खालच्यावर मात करतो. कोणते मूल्य कोणत्या थरातून आले, हे सहज पाहता आले पाहिजे. अन्यथा बिघाड शोधताना दिवस वाया जातात. तसेच मूल्ये प्रोग्रॅम सुरू होतानाच तपासलेली बरी. कराच्या जागी चुकून '१८०' भरले गेले असेल, तर ते पहिल्या ग्राहकाच्या बिलावर दिसण्याऐवजी प्रोग्रॅमने सुरू होण्यासच नकार दिलेला परवडतो.

सर्वांत खालच्या थराची जबाबदारी किती मोठी आहे, हे डिसेंबर २०२१ मध्ये जगाला कळले. 'लॉगफोरजे' ही जावा भाषेतील नोंदवही ठेवणारी लायब्ररी असंख्य प्रणालींमध्ये वापरली जाते. नोंदीच्या मजकुरात विशिष्ट खुणा आढळल्या तर त्यांचा अर्थ लावून बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधण्याची सोय तिच्यात होती आणि ती मुळातच चालू ठेवलेली होती. हल्लेखोराने तसा मजकूर पाठवला आणि तो नोंदवहीत गेला की यंत्राचा ताबाच त्याच्या हाती जाऊ शकत असे. २.१० पासूनच्या आवृत्त्यांत ती सोय बंद करणारे सेटिंग होते. परंतु फार थोड्यांनी त्याकडे पाहिले असणार. बहुसंख्य लोक मूळ मूल्ये कधीच बदलत नाहीत. म्हणूनच मूळ मूल्य हे सर्वांत सुरक्षित मूल्य असावे लागते. पुढील दुरुस्त आवृत्त्यांत ही सोय आधी मुळातून बंद ठेवण्यात आली आणि नंतर संदेशांतून काढूनच टाकण्यात आली.

गुपितांची गोष्ट वेगळीच. पासवर्ड, डेटाबेसच्या चाव्या याही सेटिंग्जच. परंतु त्या आज्ञावलीसोबत ठेवणे घातक ठरते. २०१६ मध्ये 'उबर'च्या अभियंत्यांच्या गिटहबवरील खासगी संग्रहात हल्लेखोरांना अशीच माहिती सापडली आणि तिच्या आधारे सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. सर्व सेटिंग्ज आज्ञावलीपासून वेगळ्या ठेवाव्यात, हे तत्त्व 'ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप' या २०११ मधील मांडणीने लोकप्रिय केले. गुपितांसाठी तर आता स्वतंत्र कुलूपबंद कोठारे वापरली जातात.

जुन्या सेटिंग्ज वेळीच निकालात काढणेही तितकेच आवश्यक. १ ऑगस्ट २०१२ रोजी 'नाइट कॅपिटल' या अमेरिकी शेअर दलाली कंपनीने जुन्या, वापरात नसलेल्या कामाची खूण नव्या कामासाठी वापरली. आठपैकी एका सर्व्हरवर नवी आज्ञावली पोचलीच नव्हती. तेथे त्या खुणेने जुनेच काम जागे केले आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले.

सॉफ्टवेअर लिहिणारे थोडे. विकत घेणारे मात्र पुष्कळ. दुकान, सोसायटी, दवाखाना किंवा पतसंस्था यांच्यासाठी प्रणाली घेताना चार प्रश्न अवश्य विचारावेत. कराचा दर बदलला तर तो आम्हाला स्वतः बदलता येईल का? चुकीचे मूल्य भरले तर प्रणाली सांगेल का? पासवर्ड कुठे ठेवले आहेत? आणि सेटिंग्जची प्रत बॅकअपमध्ये घेतली जाते का? विक्रेत्याकडून या चारही प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत आणि ती करारासोबत जपून ठेवावीत.